राजेश्वरअप्पाची बाग आणि नीलाबाईचं बाबूगोशा

नीलाबाईच्या गाड्यावर जो फळ दाबून बघायचा, त्याला ती फळ देत नसे. मग तो गावचा सरपंच असो की रेल्वेचा टीसी. "पोट दाबून काय कळतंय तुला? डाक्टर हाईस का?" असं म्हणून ती त्याच्या हातातलं फळ काढून घ्यायची, पदराला पुसून जागेवर ठेवायची आणि तोंड दुसरीकडं फिरवायची. घाटनांदूर स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली तिचा गाडा होता. पेरू, चिक्कू, मोसंबी, सीताफळ, ज्या दिवसांत जे येईल ते. फळ गोड, वजन चोख आणि जीभ कडूजहर. तरी लोक तिच्याकडंच यायचे, कारण समोरच्या गाड्यावर जीभ गोड होती आणि फळ कसंही.

बाई लिंगायत वाण्याच्या घरातली. नवरा चन्नप्पा, भर पेठेत त्याचं कापडाचं दुकान. कावीळ झाली, आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि चाळिशीच्या आत माणूस गेला. लेकरूबाळ नव्हतं. दिवस उरकल्यावर धाकटा दीर राजेश्वर तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "वैनी, दुकानाचं मी बघतो. तुमी आता घरात बसून शिवाचं नाव घ्या."

शिवाचं नाव घ्यायला तिची ना नव्हती. पण सहा महिन्यांत तिच्या ध्यानात आलं, की घरात बसायचं म्हणजे चहापत्तीसुद्धा जावेकडून मागून घ्यायची. जाऊ कावेरी वाईट नव्हती. ती बिचारी स्वतःच नवऱ्याला विचारून डबा उघडायची. मग एके दिवशी नीलाबाईनं पाटल्या मोडून जुना गाडा घेतला, राहायला वेगळी खोली घेतली आणि दोन टोपल्या पेरू घेऊन स्टेशनाबाहेर उभी राहिली. वाण्याच्या घरातली बाई रस्त्यावर उभी राहिली म्हणून राजेश्वरनं दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी घरात वांग्याचं भरीत होतं, तेव्हा जेवला.

हा राजेश्वर, म्हणजे गावाचा राजेश्वरअप्पा, हुशार माणूस होता असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. एक्याण्णव-ब्याण्णवनंतर देशाची दारं उघडली म्हणतात. देशाचं काय ते देशाला ठाऊक. राजेश्वरअप्पाचं तोंड मात्र तेव्हा जे उघडलं ते मिटलंच नाही. दुकानाला लागून त्यानं एसटीडीची काचेची खोली केली. घरात रंगीत टीव्ही आणला. त्या टीव्हीवर एक कुणीतरी टायवाला 'निर्यात, निर्यात' म्हणून सांगत होता, तो शब्द अप्पाच्या डोक्यात असा बसला, की गिऱ्हाईकाला लुगडं दाखवतानाही तो एक्स्पोर्टच्या गोष्टी करायचा. पहिल्यांदा त्यानं कुठल्याशा सागवान कंपनीचा कागद घेतला आणि चौकट करून भिंतीवर लावला. झाड एकही बघितलं नाही. मग मागच्या खोलीत आळंबी लावली. तिथं आळंबीपेक्षा उंदीर जास्त झाले. मग पांढरे ससे आणले, ते कुत्र्यांनी नेले. प्रत्येक वेळी तो गाड्यापाशी येऊन सांगायचा, "वैनी, जमाना बदलला हाय." आणि नीलाबाई पेरूवरची माशी हाकलत म्हणायची, "व्हय, सशाला तर लईच बदललेला दिसला."

त्र्याण्णव सालचा श्रावण. हैदराबादेहून येणाऱ्या गाडीतून तिच्या मोसंबीबरोबर एक लाकडी पेटी उतरली. तिनं मागवली नव्हती. अडत्यानं चिठ्ठी पाठवली होती: 'नया माल है, बाबूगोशा, चलाके देखो.' पेटीत कागदात गुंडाळलेली, नाशपातीच्या जातीची हिरवी फळं होती, खाली फुगीर, वर मान काढलेली. तिनं एक चावलं. कच्च्या कोहळ्यासारखं करकरीत, पाणचट, चव म्हणावी तर नाहीच. "असला माल त्याच्या सासऱ्याला चारावा," असं म्हणत तिनं पेटी गव्हाच्या भुसाच्या पोत्यात दडपली आणि विसरून गेली.

पाचव्या दिवशी खोलीभर वास सुटला. भुसात हात घालून तिनं एक फळ काढलं तर ते पिवळसर झालेलं, देठापाशी अंगठा टेकवला की हलकेच आत जाणारं. चावा घेतला आणि रस कोपरापर्यंत ओघळला. नीलाबाई, जिनं उभ्या आयुष्यात एकाही फळाचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, ती उभ्या उभ्या दोन फळं संपवून खाली बसली आणि तिसरं घेतलं.

त्या वर्षापासून श्रावण-भाद्रपदात तिच्याकडं बाबूगोशा असायचं. लोकांनी आधी टिंगल केली. कुणी त्याला बाबूगोसावी म्हणायचं, कुणी लांब मानेचा पेरू. मग श्रावणी सोमवारच्या उपासाला बायका ते मागायला लागल्या. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांना ते चावावं लागत नसे. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पेशंट बघायला जाणारे तर सफरचंद सोडून हेच घ्यायचे. नीलाबाई प्रत्येकाला बजावून सांगायची, "हिरवं नेलंस तर भुसात ठेव. पोट दाबू नको, देठापाशी दाब. पोट मऊ लागलं की आत सडलंच समज." एवढं सांगूनही लोक पोटच दाबायचे, आणि मग तिच्या शिव्या खायचे.

एकदा राजेश्वरअप्पानं गाड्यावर उभं राहून ते फळ खाल्लं. मिशा पुसत म्हणाला, "वैनी, हे पिकतंय कुठं?"

"पहाडात. लई लांब, वर."

अप्पानं मान वळवून धारूरच्या दिशेला बघितलं. "मग आपल्या बालाघाटाला काय म्हणायचं? तो डोंगर न्हाई का?"

नीलाबाईला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

पंधरा दिवसांत सफारी घातलेला एक मोहनराव त्याच्या ओसरीवर येऊन बसला. कुठल्याशा नर्सरीचा एजंट. त्याच्याजवळ जाडजूड आल्बम होता, त्यात फळांनी वाकलेली झाडं, झाडाखाली हसणारी माणसं. नीलाबाई रोज संध्याकाळी दिराच्या घरच्या देवघरात दिवा लावायला जायची, तेव्हा तिनं ते सगळं ऐकलं. हे कलम खास उष्ण हवेसाठी केलेलं, चौथ्या वर्षी फळ, मुंबईच्या बंदरावरून थेट दुबईला.

ती दिवा लावून बाहेर आली आणि दारातच थांबली. "साहेब, ह्या झाडाला फळ लागलेलं तुमी कुठल्या रानात बघितलं?"

मोहनराव हसला. "बाई, हे शास्त्र आहे."

"ते आसंल. पण बघितलं का?"

"वैनी," राजेश्वरअप्पा मध्येच बोलला, "गाड्यावर बसून जग कळत न्हाई."

"गाड्यावर निदान फळ तरी आसतंय," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

विहिरीजवळच्या चांगल्या काळ्या रानात, जिथं ज्वारी वीतभर कणसं टाकायची, तिथं अप्पानं दोनशे कलमं लावली. ठिबकच्या नळ्या घातल्या, पाटी लावली: 'राजेश्वर फ्रूट फार्म.' पहिला वैशाख आला आणि त्या वैशाखानं मोहनरावाचा आल्बम वाचलेला नव्हता. कलमांचे शेंडे करपले, पानं भाजल्यासारखी काळी पडली. अप्पानं गोणपाटाच्या झोपड्या केल्या, कावेरीला दुपारी पाणी शिंपडायला लावलं. पावसाळ्यात मात्र बुडातून नवे फुटवे आले, चांगले तरारून, काठ्यांसारखे सरळ. अप्पा खूश. मोहनरावाला फोन लावला तर तो नंबर आता कुणा दातांच्या डॉक्टरचा होता. अप्पा म्हणाला, मोठ्या माणसांचे नंबर बदलतच असतात.

झाडं वाढत गेली. चौथं वर्ष आलं, फूल नाही. पण जिल्ह्याच्या एका पेपरात अप्पाचा फोटो आला, झाडाला टेकून उभा, डोक्याला फेटा. मथळा होता 'घाटनांदूरचा नाशपातीसम्राट.' ज्या झाडाला एक फळ लागलेलं नाही त्याचा सम्राट! नीलाबाईनं तो पेपर सीताफळं बांधायला वापरला, आणि मुद्दाम फोटोची बाजू बाहेर ठेवून.

अठ्ठ्याण्णव सालच्या आषाढात गावातल्या लिंगायत मंडळींची बस केदारनाथाला निघाली. नीलाबाईनं गाडा बंद केला आणि ती गेली. केदाराचं दर्शन झालं. परत येताना उखीमठाच्या पुढं पावसानं दरड कोसळली आणि रस्ता तीन दिवस बंद झाला. बाकीची मंडळी बसमध्ये बसून सरकारला शिव्या देत भजनं म्हणत होती. नीलाबाई खाली उतरून पाय मोकळे करायला गेली तर रस्त्याच्या वरच्या अंगाला, पायऱ्यापायऱ्यांच्या रानात, बाबूगोशानं लगडलेली झाडं. ती तिथंच थांबली. पाच वर्षं ती ते फळ विकत होती आणि झाड आज पहिल्यांदा बघत होती.

रानाची मालकीण एक म्हातारी होती, नाकात मोठी नथ, पाठीला टोपली. दोघींची भाषा वेगळी, पण फळवाल्या बाईला फळवालीचं बोलणं कळायला किती वेळ लागतोय? नीलाबाईनं विचारलं ना सवरलं, पदर खोचला आणि तोडणीला हात लावला. पहिलंच फळ तिनं ओढून तोडलं तर म्हातारीनं तिच्या हातावर चापट मारली. फळ ओढायचं नाही. तळहातावर घेऊन वर उचलायचं, तयार असेल तर देठ आपोआप सुटतो. आणि हिरवंच तोडायचं. झाडावर पिवळं होऊ दिलं की ते आतून गाभ्यापासून काळं पडतं, वरून सोन्यासारखं आणि आत चिखल. म्हातारीनं शेंड्यावर राहिलेलं एक पिवळं फळ काढून विळ्यानं चिरून दाखवलं. खरंच चिखल.

तीन दिवस नीलाबाई तिथंच होती. हे झाड इथलं नाही, म्हातारी सांगत होती. तिच्या आजेसासऱ्याच्या काळी कुणी गोरा साहेब ते बोटीतून घेऊन आला, आपल्या बंगल्याभोवती लावलं, आणि माळीकाम करणाऱ्यांनी फांद्या चोरून गावोगाव नेल्या. दोन महिने झाड बर्फात उभं राहतं, एक पान नसतं अंगावर. तेवढं गारठलं नाही तर त्याला फूल येत नाही, नुसता पाला. पडकी, टोचलेली फळं म्हातारी फेकत नसे. फोडी करून पत्र्यावर वाळवायची, नाहीतर साखरेत लवंगा घालून मुरवायची. तो मुरंबा तिनं नीलाबाईला मडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीवर वाढला. नीलाबाईनं कृती दोनदा विचारून घेतली.

शेवटच्या दिवशी बांधावर एक रानटी झुडूप दिसलं. काटेरी, सरळ फोकांचं, त्याला बोराएवढी तपकिरी फळं. पानं बघून नीलाबाई वाकली. असली पानं तिनं बघितलेली होती.

"हे काय?"

"मेहल," म्हातारी म्हणाली. "जंगली. त्याच्या बुडख्यावर बाबूगोशाची फांदी बांधायची. वरची फांदी मेली की खालचा मेहल निघून येतो. मग तो काय कामाचा? कुंपणाला लावा."

दरड निघाली, बस सुटली. परळीपर्यंत नीलाबाई खिडकीला डोकं टेकवून हसत होती. शेजारच्या बाईला वाटलं, केदारनाथाच्या थंडीनं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

गावात उतरल्यावर ती घरी न जाता आधी अप्पाच्या रानात गेली. काटा बघितला, फोक मोडून घेतला आणि तसाच दुकानात नेऊन कापडाच्या गठ्ठ्यावर टाकला. "भावजी, तुमचं बाबूगोशा पहिल्या वैशाखातच मेलं. हे मेहल हाय. जंगली. तुमी चार वर्षं कुंपणाला पाणी घालताय."

दुकानात गिऱ्हाईकं होती. अप्पाचा चेहरा लाल झाला. "वैनी, यात्रेला गेलता का शेतकी कॉलेजला गेलता?" सगळे हसले. त्यांना हसवल्यावर अप्पाला आणखी जोर आला. "काटा आला तर चांगलंच हाय. फळाची राखण झाडच करील."

नीलाबाईनं त्या दिवशी ठरवलं, की ह्या गाढवांना आता एक अक्षर सांगायचं नाही.

आणि इथंच तिचं चुकलं. कारण चार-सहा महिन्यांनी सुग्रीव तिच्या गाड्यापाशी आला. सुग्रीव धनगर, गावाच्या वरच्या अंगाला त्याचा माळ, शंभरेक मेंढरं. कमी बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अप्पा आता फोक तोडून त्याची रोपं करत होता आणि गावाला वाटत होता. सुग्रीवनं कांबळं सावरत विचारलं, "मालकीणबाई, अप्पा म्हणत्यात माळ मोडून त्यांची झाडं लाव. लावू का?"

नीलाबाईच्या मनात दुकानातलं हसणं अजून सलत होतं. ती म्हणाली, "मला कावून विचारतोस? सम्राटाला विचार."

सुग्रीवला टोमणा कळला नाही. तो मान हलवून गेला, आणि त्यानं अर्धा माळ नांगरला. जिथं पिढ्यान्‌पिढ्या कुसळी गवत येत होतं तिथं काटेरी फोक उभे राहिले, आणि चारा पुरेना म्हणून निम्मी मेंढरं त्यानं बाजाराला नेली. नीलाबाईनं ती मेंढरं स्टेशनावरून जाताना बघितली. त्या दिवशी तिनं गिऱ्हाईकाला शिवी दिली नाही, हे समोरच्या गाडेवाल्यानंही बघितलं.

नव्याण्णव सालच्या भाद्रपदात गावात धावपळ सुरू झाली. मुंबईहून कुणी मोठे साहेब येणार होते, फळांच्या निर्यातीचे. अप्पाच्या बागेला भेट. कुणी बोलावलं होतं ते सांगायला नको. मांडव पडला, रस्त्यावर चुना पडला. आदल्या दिवशी सकाळी कावेरी गाड्यावर आली. खाली बघत म्हणाली, "अक्का, दोन पेट्या बाबूगोशा पाहिजेत. पिकलेलं. देठासकट."

"एवढं कशाला?"

"पूजेला."

"पूजेला देठ लागतोय का?"

कावेरीनं पदराच्या गाठीतून पैसे काढून गाड्यावर ठेवले. नीलाबाईनं तिला भुसातून निवडून फळं काढून दिली. देठासकट म्हणजे काय ते तिला तेव्हाच कळलं होतं. पण तिला वाटलं, होऊ दे तमाशा. मजा बघू.

मजा बघायला दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली. मेहलच्या काटेरी फांद्यांना पिवळीधमक बाबूगोशा लटकत होती, एका उंचीवर, अंतर मोजून लावल्यासारखी. झाडाला लाज असती तर ते तिथल्या तिथं वाळलं असतं. साहेब आले, काळा चष्मा, गळ्यात हार. अप्पा त्यांच्या पुढं उलटा चालत होता, पाठ दिसू नये म्हणून. पेपरवाला फोटो काढत होता. साहेबांनी एका फळाला हात घातला तसं अप्पानं चपळाईनं कात्री पुढं केली, दोरा आणि देठ एका फटक्यात उडवला आणि फळ हातात दिलं. साहेबांनी चावा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अप्रतिम! मातीचा गुण लगेच कळतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मातीचा गुण! हैदराबादच्या पेटीतल्या पहाडी फळाला घाटनांदूरच्या मातीचा गुण! ज्या माणसाला फळाच्या बुडाला चिकटलेलं गव्हाचं भूस दिसत नाही तो म्हणे निर्यात करणार. नीलाबाईला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात गर्दीतून सुग्रीव पुढं आला. त्याचा चेहरा फुलला होता, डोळ्यांत पाणी होतं. त्यानं अप्पाचे पाय धरले. "अप्पा, मला खोटं वाटत होतं. आता ऱ्हायलेला माळ बी उद्याच नांगरतो. मेंढरं सगळी काढून टाकतो."

नीलाबाईच्या तोंडावरचा पदर खाली आला. हसू कुठल्या कुठं गेलं.

ती मांडवातून सरळ चालत झाडापाशी गेली. "सुग्रीव, हिकडं ये." तिचा आवाज स्टेशनावरच्या गर्दीला सरावलेला होता, मांडवात बाजाची पेटी वाजवणारासुद्धा थांबला. "हे बघ. हा काय हाय?"

सुग्रीवनं वाकून बघितलं. "दोरा."

"काळा दोरा. आणि हे बुडाला काय हाय?"

"भूस... गव्हाचं."

"झाडाला भूस कुठून आलं? माझ्या पोत्यातलं हाय. काल माझ्याकडनं दोन पेट्या नेल्यात." तिनं फळ तोडलं, आपला नेहमीचा चाकू कमरेतून काढला आणि मधोमध चिरलं. आत पांढरंशुभ्र. "बाबूगोशा झाडावर पिवळं झालं की आतून काळं पडतंय. हे पांढरं हाय. म्हंजे हिरवं तोडलेलं, भुसात पिकवलेलं. तुझ्या झाडाला जन्मात फळ येणार न्हाई, बाबा. आलं तर बोराएवढं, रानटी. मला वरीसभर आधीच ठावं होतं. तू विचारायला आलतास तवा मी सांगितलं न्हाई. माझी चूक हाय ती."

अप्पा कात्री हातात घेऊन उभा होता. साहेबांनी हातातल्या अर्ध्या फळाकडं बघितलं, चष्मा नीट केला, "हा हा, घरगुती विषय दिसतोय," म्हणाले आणि उरलेलं फळ खात खात जीपकडं निघाले. फळ टाकलं मात्र नाही.

चार दिवसांनी पेपरात बातमी आली: 'घाटनांदुरात नाशपातीचा यशस्वी प्रयोग, मान्यवरांकडून प्रशंसा.' वर फोटो, फोटोत दोरा स्पष्ट दिसत होता. बातमी लिहिणाऱ्याला दिसला नाही, छापणाऱ्याला दिसला नाही, आणि अंबाजोगाईचे दोन शहाणे तर रोपं मागायला अप्पाकडं आले. नीलाबाईनं तेव्हापासून पेपर घेणंच बंद केलं. फळं ती वडाच्या पानांत बांधून द्यायला लागली.

सुग्रीवनं राहिलेला माळ नांगरला नाही. लावलेले फोक त्यानं उपटून फेकले नाहीत. कडेला सरकवून दाट कुंपण केलं आणि मधल्या जागेत पुन्हा गवत येऊ दिलं. मेंढरं मात्र पुन्हा पहिल्यासारखी व्हायला त्याला सहा वर्षं लागली. तो नीलाबाईला कधी काही बोलला नाही. दर दिवाळीला तिच्यासाठी तांब्याभर दूध आणायचा, आणि दर वेळी तिला त्याच्याकडं बघायची लाज वाटायची.

अप्पानं तिच्याशी बोलणं टाकलं. देवघरात दिवा लावायलाही येऊ नको म्हणाला. तिनं आपल्या खोलीतच दिवा लावला. पंधराएक दिवसांनी कावेरी खोलीवर आली, उंबऱ्यातच बसली. तिच्या बोटांना काट्यांचे ओरखडे होते, काही पिकले होते.

"अक्का, ते दोरे मी बांधले. एकटीनं. पहाटंपासनं. ते खाली उभारून सांगत होते, हे वर घे, ते खाली घे."

नीलाबाईनं तिची बोटं हातात घेतली. वीस वर्षं ही बाई तिच्या पाठीमागं उभी होती, आणि गावातल्या सगळ्या मूर्खांना तोंडभर बोलणाऱ्या नीलाबाईनं हिला कधी दोन शब्द विचारले नव्हते. तिनं हळद तेलात कालवली, बोटांना लावली. मग कोपऱ्यातली पेटी ओढली. त्यात प्रवासात दबलेली, डाग पडलेली बाबूगोशा होती. "चाकू धरता येतोय का? मग ह्याच्या फोडी कर. डाग तेवढा काढ. एक गोष्ट शिकवते."

त्या वर्षी दोघींनी मिळून मुरंब्याच्या बरण्या घातल्या आणि गाड्यावर ठेवल्या. महाशिवरात्रीला परळीला जाणाऱ्या गाडीच्या गर्दीत सगळ्या संपल्या. पुढच्या वर्षी कावेरी दुपारची दोन तास गाड्यावर उभी राहायला लागली. अप्पा ह्या वेळी उपाशी राहिला नाही; त्याचं लक्ष तेव्हा सफेद मुसळीच्या, म्हणजे औषधी कंदाच्या, लागवडीत होतं, आणि मुसळीनं तर म्हणे जर्मनीत क्रांती केली होती. विहिरीजवळचं मेहल त्यानं तोडलं. सरपणाला ते बरं निघालं.

मुरंब्याचं नाव झालं तसा मात्र तो एक दिवस गाड्यावर आला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. खिशातून छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. चिठ्ठीवर त्याचा फेट्यातला फोटो आणि खाली 'राजेश्वर फार्मची अस्सल नाशपाती, एक्स्पोर्ट क्वालिटी.' "बरण्यांना लावा," तो म्हणाला, नीलाबाईकडं न बघता.

नीलाबाई बोलायला तोंड उघडत होती, पण तिच्या आधी कावेरीनं तो गठ्ठा उचलला, वरची चिठ्ठी वाचली आणि नवऱ्याच्या हातात परत ठेवली.

"फळ पहाडातलं हाय," ती म्हणाली. "मुरंबा आमी केलाय. ह्यात तुमचं काय हाय ते सांगा, तेवढं लावते."

अप्पानं बायकोकडं बघितलं, मग नीलाबाईकडं, मग रिक्षावाल्यांकडं. ते सगळे कान देऊन उभे होते. गठ्ठा खिशात घालायला गेला तर खिसा पुरेना. तेवढ्यात गाडीची शिटी झाली, उतारू बाहेर यायला लागले, आणि दोघी जावा गिऱ्हाईकाकडं वळल्या.